वाळूचा माणूस

भांडुपच्या यार्डात अकरा खांब आहेत
आणि एकाही खांबात वीज नाही.
तारा कुठून येत नाहीत, कुठे जात नाहीत,
एका भिंतीशी सुरू होतात
आणि दुसऱ्या भिंतीशी संपतात.
पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी
गॅलरीतून हात लांब करून
त्यातल्या एकीवर चादर वाळत घातलेली, पहिल्याच दिवशी.

खोपकर सर म्हणाले, काढा ती.
पण आधी तपासा.
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
"लाइन बंद आहे, हे वाक्य नाही,
अफवा आहे.
टेस्टर लावा, अर्थिंग टाका, मग त्याचं वाक्य होतं."
एकवीस जणांनी मिळून, हेल्मेट, मोजे, पट्टे, शिडी,
एक फुलाफुलांची चादर उतरवली.
तास लागला.
बाई गॅलरीत उभ्या होत्या, लसूण सोलत.

हातमोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा,
हवा बोटांत कोंडायची,
मग कानाशी धरायचा.
टाचणीएवढं भोक असलं
तरी ते कुजबुजतं.
मला ऐकू यायला चार दिवस लागले.

निर्मळा घाटाळ डहाणूकडची, ताडावर चढलेली,
तिला पट्टाच नको.
"ताड तुला ओळखतो," सर म्हणाले,
"खांब कुणाला ओळखत नाही."
मी विक्रोळीची, चौथ्या मजल्यावर वाढलेली,
तिसऱ्या पायरीवर माझ्या पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या चालायच्या.
कुणी चिडवलं नाही.
सगळ्यांच्याच चालत होत्या.

दहाव्या दिवशी स्टोअरमधून तो आला.
जुना बॉयलर सूट, आत वाळू, सत्तर किलो,
डोक्याच्या जागी गोणपाट, त्यावर मात्र नवं हेल्मेट.
सर म्हणाले, याला नाव द्यायचं नाही.
दुपारच्या डब्यापर्यंत तो दिगंबर झाला होता.

दिगंबरला खांबावर लटकवायचं
आणि चार मिनिटांत खाली आणायचं.
क्रॉस-आर्मवरून दोर, दोन वेढे,
काखेतून गाठ, मग त्याचा पट्टा कापायचा
आणि सोडायचा, सावकाश,
झोपलेलं मूल खाटेवर ठेवतात तसा.
माझा पहिला दिगंबर सात मिनिटं लटकला.
तडवीने घाईत दोर गळ्यातून घेतला.
"आता हा दोनदा मेला," सरांनी वहीत लिहिलं.

एकदा त्याचा गुडघा फाटला.
वाळू सांडत राहिली, बारीक, खांबाच्या पायाशी.
निर्मळाने दाभणाने शिवला,
पण सरांनी त्याला काट्यावर घातलं,
दोन किलो कमी भरला
तर पुन्हा उसवून भरायला लावला.
"हलक्या माणसाची सवय नको."

शेवटच्या दिवशी, चहाच्या आधी,
सर स्वतःच सातव्या खांबावर चढले.
सत्तावन्न वर्षांचे.
पट्टा अडकवला, मान टाकली.
बाविस्करच्या हातात घड्याळ. नंबर माझा.

दोर, दोन वेढे, सगळं पाठ होतं.
पण वाळूला आयोडेक्सचा वास येत नाही,
वाळूच्या खिशात गोळ्यांची अर्धी पट्टी नसते,
चष्म्याचं घर नसतं.
काखेतून दोर घेताना
माझा हात त्यांच्या छातीला लागला
आणि आत लाइन चालू होती.
मी थांबले. नुसतीच.
मग गाठ मारली.

खाली आणलं तर बाविस्कर बोलेचना.
सरांनी पडल्या पडल्या विचारलं, किती?
चार मिनिटं, नऊ सेकंद.
"म्हणजे मी गेलो," ते म्हणाले.
उठले, पाठीवरची माती झटकली,
किटली घेऊन आलेल्या पोराला
हातानेच थांब म्हटलं
आणि पुन्हा चढायला लागले.